रायफलीला स्कोप घ्यायचाय, बजेट ४०० डॉलर, वाचून वाचून डोकं चालेनासं झालंय

धुक्यातला_धनाजी

नमस्कार मंडळी. इथे मिक्सरपासून म्युच्युअल फंडापर्यंत सगळ्यावर धागे आहेत पण बंदुकीच्या दुर्बिणीवर एकही सापडला नाही म्हणून हा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी विस्कॉन्सिनात मॅडिसनच्या पश्चिमेला राहतो, ग्रीन कार्ड आहे. शेजारी डेअरीवाले आजोबा आहेत सत्तरीचे, त्यांच्याकडे दूध आणायला जाता जाता ओळख वाढली आणि दोन वर्षं ते मागे लागलेत की नोव्हेंबरात माझ्याबरोबर मचाणावर चल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा हरणांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो आणि अख्खं राज्य नारिंगी जाकिटं घालून रानात असतं, ऑफिसात त्या आठवड्यात मीटिंग लावायची नाही हा अलिखित नियम. मी यंदा हंटर सेफ्टीचा कोर्स केला (१ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना इथे तो करावाच लागतो), आणि रुगर अमेरिकन रायफल घेतली, थ्री-ओ-एट मापाच्या काडतुसाची. वर स्कोप बसवायची पट्टी (रेल) आहे, स्कोप नाही.

आता गोची. दुकानातल्या पोराने ६-२४×५० हातात दिला, म्हणाला एकदाच घे, आयुष्यभर बघायला नको. त्यातून पार्किंगच्या पलीकडच्या गाडीची नंबरप्लेट वाचता आली, मी खूश. घरी येऊन वाचायला बसलो तर एफएफपी, एसएफपी, एमओए, मिल, पॅरालॅक्स, ३० मिमी ट्यूब, काय काय. चारशे डॉलरात स्कोप, तो रेलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा, सगळं बसवायचंय. चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे तीन. बायको म्हणते एवढ्या पैशात दिवाळीला घरी फोन नाही, स्वतः जाऊन आला असतास (येत नाही चारशेत, पण मी वाद घातला नाही).

काय घेऊ?

खडूस_काका

आधी एक सांगा. मचाणावरून जास्तीत जास्त लांब किती दिसतं? यार्डात. मग बोलू.

धुक्यातला_धनाजी

काका, एका बाजूला झाडी, तिथे पन्नास-साठ यार्ड. दुसऱ्या बाजूला मक्याचं कापलेलं रान, तिथे आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे ओढ्यापर्यंत दीडशे. त्यापलीकडे दुसऱ्याची जमीन.

खडूस_काका

झालं मग. ३-९×४०. धागा बंद करा.

चष्मेबहाद्दर

काकांशी सहमत पण का ते सांगितल्याशिवाय धनाजीरावांच्या डोक्यातून ती नंबरप्लेट जाणार नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

६-२४×५० म्हणजे सहापट ते चोवीसपट मोठं दिसणार आणि पुढची काच ५० मिमी. ३-९×४० म्हणजे तीन ते नऊ पट, काच ४० मिमी. लोक पहिले दोन आकडे बघून भुलतात, पण जितकं मोठं दिसतं तितका कमी टापू दिसतो हे दुकानात कळत नाही कारण पार्किंगातली गाडी हलत नाही. ३ वर ठेवलेल्या साध्या स्कोपमधून शंभर यार्डावर तेहतीस-चौतीस फूट रुंदीचा पट्टा दिसतो. तुमच्या त्या ६-२४ मधून ६ वर सतरा-अठरा फूट, आणि २४ वर साडेचार फूट! हरीणच पाच-सहा फुटांचं असतं, म्हणजे शंभर यार्डावर ते अख्खं मावणार नाही, आणि पन्नास यार्डावर झाडीतून निघालं तर तुम्हाला नुसतं खोड, पान, खोड, केस, पान असं दिसत राहील आणि ते निघून गेलेलं असेल.

दुसरं, उजेड. पुढच्या काचेचे मिमी भागिले पट, जे उत्तर येतं तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यात येतो. ४० भागिले ४ म्हणजे १० मिमी, ४० भागिले ९ म्हणजे ४.४, आणि ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, चाळिशी-पन्नाशीत पाचेक. इथे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून नेम धरायला परवानगी असते ना, त्या अर्ध्या तासात २ मिमीच्या झोतात काय दिसणार, आजोबांची गाय आणि हरीण सारखंच दिसेल. म्हणजे मोठी काच असून उपयोग नाही, पट कमी करावेच लागतात, आणि मग मुळात कमी पटवाला का नको?

३० मिमी नळीने उजेड जास्त येतो हे पण दुकानी गाणं आहे. जाड नळीचा मुख्य फायदा म्हणजे आतली भिंगं वरखाली सरकवायला जागा जास्त मिळते, जे हजार यार्डावर मारणाऱ्यांना लागतं. तुम्हाला एक इंची नळी रग्गड.

रानवेडी_आरती

चष्मेबहाद्दर छान लिहिलंय, पण "सगळ्यांना ३-९" हे मला पटत नाही. मी कोलोरॅडोत, दर वर्षी शेजारच्या वायोमिंगला प्राँगहॉर्न नावाच्या हरणासारख्या जनावराच्या मागे जाते. तिथे झाड नावाची गोष्ट नाही, माळ नुसता, आपल्या माण-खटावसारखा पण दहा पट. अडीचशे-तीनशे यार्ड हा तिथे नेहमीचा पल्ला, आणि वारा असा की गोळी हातभर सरकते. माझ्याकडे ४-१६×४४ आहे आणि पॅरालॅक्सचं (डोळा जरा हलला की फुली निशाण्यावरून सरकल्यासारखी दिसते, ते त्या त्या अंतराला घालवायचं) बटण बाजूला आहे, आणि ते मी वापरते, शोभेला नाही ठेवलेलं. त्यामुळे प्रश्न "चांगला स्कोप कुठला" असा नसून तुमचं रान कसलं आहे हा आहे. धनाजी, तुझं रान दीडशे यार्डाचं आहे तर काकांचं उत्तर तुझ्यापुरतं बरोबर.

एफएफपी-एसएफपीचं पण सांगून टाकते. एफएफपीत पट वाढवले की आतली फुलीही (रेटिकल) त्याच प्रमाणात जाड-मोठी होते, त्यामुळे तिच्यावरच्या खुणा कुठल्याही पटावर खऱ्या. एसएफपीत फुली कायम तेवढीच दिसते, खुणा एकाच पटावर खऱ्या, बहुधा सगळ्यात मोठ्या. ऐकायला एफएफपी भारी वाटतं, पण झाडीत ३-४ पटावर एफएफपीची फुली कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक होते आणि काळपट खोडावर दिसतच नाही. तुला एसएफपी, साधी जाड-बारीक तारेची ड्युप्लेक्स फुली. त्या ख्रिसमस ट्रीसारख्या खुणावाल्या घेऊ नको.

बंडोपंत_पुणेकर

एवढं शिकून परदेशी जायचं आणि हरणं मारायची. धन्य आहे. आमच्याकडे एक नट काळविटापायी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय.

धुक्यातला_धनाजी

बंडोपंत, तुमचं म्हणणं मला समजतं, मीसुद्धा दोन वर्षं ह्याच विचारात काढली. इथल्या व्हाइटटेल हरणाची गोष्ट काळविटापेक्षा वेगळी आहे, संख्या अफाट, मका-सोयाबीन फस्त करतात, गाड्यांवर आदळतात, आणि ह्याच भागात २००२ मध्ये हरणांचा तो मेंदूचा रोग (सीडब्ल्यूडी) सापडला तेव्हापासून सरकारच म्हणतंय मारा आणि तपासायला डोकं आणून द्या, तपासणी फुकट. मांस वाया जात नाही. तुम्हाला नाही पटणार, नका पटवून घेऊ.

ॲडमिन

धाग्याचा विषय दुर्बीण आहे. शिकार योग्य-अयोग्य ह्यावर वेगळा धागा काढावा, तीन आधीच आहेत.

कोल्हापुरी_तांबडा

आयला, शिकारीचं सोडा. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनला ४५१.४ मारून कांस्य आणलं, त्येनं कुठला स्कोप लावलेला? काय बी न्हाई! आमची तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली, ते पण स्कोपबिगर. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, म्हंजे आपल्या शर्टाच्या बटनाएवढं. आनि तुम्ही दीडशे यार्डावर अख्ख्या हरणाला चारशे डॉलर घालवायलाय.

चष्मेबहाद्दर

😀 तांबडेराव, मुद्दा बिनतोड आहे. त्या स्पर्धांत भिंगाने मोठं दाखवणारी दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोकाची चकती असते, त्या भोकातून बघितलं की पुढची कडी आणि लांबचं काळं वर्तुळ दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, चष्मा काढून मुठीच्या फटीतून बघितलं की कॅलेंडर वाचता येतं ना, तोच प्रकार. पण त्यांना पांढऱ्या कागदावरचं काळं वर्तुळ भरपूर उजेडात दिसतं, आणि ते वर्तुळ चालत निघून जात नाही. पहाटे राखाडी झुडपामागचं राखाडी जनावर नीट ओळखून, मागे काय आहे ते बघून मग चाप ओढायचा तर काच पाहिजे.

कोल्हापुरी_तांबडा

ते पटलं. मग माझं पण सांगा. माझ्याकडं एअर रायफल हाय, स्प्रिंगवाली, पॉइंट वन सेवन सेवन. ऑनलाइन बाराशेचा स्कोप घेतला, दीडशे-दोनशे छर्ऱ्यांत आतली फुलीच तिरकी झाली. धनाजीदादा, डिसेंबरात येताना एक चांगला तिकडनं आणता का, पैसे देतो.

खडूस_काका

कोणी काही बॅगेत टाकून आणू नका. रायफलीचे स्कोप अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाच्या यादीत आहेत, कपडे-चॉकलेटासारखे नेता येत नाहीत. ओळखीतल्या एकाचा पाहुणचार विमानतळावर झालेला आहे.

तांबडेराव, तुमचा स्कोप का मेला ते ऐका. काडतुसाची बंदूक मागे झटका देते, एकदाच. स्प्रिंगवाली एअरगन आधी मागे येते आणि आतला पिस्टन पुढे जाऊन आपटला की पुढे उसळते. दोन्ही बाजूंनी धक्का. साध्या स्कोपची भिंगं एकाच बाजूचा धक्का सोसायला बांधलेली असतात, म्हणून थ्री-ओ-एटवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप सुद्धा स्प्रिंगवर आठवड्यात खिळखिळा होऊ शकतो. "एअरगन रेटेड" लिहिलेलाच घ्या. माउंट एकसंध घ्या, दोन सुट्या रिंगा नको, आणि त्याला खाली स्टॉप पिन असू दे, नाहीतर स्कोप सरकत सरकत डोळ्यात येतो. रेल बघा, एअरगनवर बहुतेक ११ मिमीची डव्हटेल (तिरक्या कडांची अरुंद खाच) असते, त्यावर पिकॅटिनीच्या (आडव्या खाचांच्या रुंद रेलच्या) रिंगा बसत नाहीत. आणि पॅरालॅक्स दहा यार्डापर्यंत खाली आणता येणारा पाहिजे, शंभर यार्डावर बांधलेल्या स्कोपमधून दहा मीटरचा कागद पिठासारखा दिसेल. पट ४ पुरेत.

आणि कागद, डबे, बाटल्यांवरच मारा. २० ज्यूलच्या आतली, ४.५ मिमीची एअरगन बिनलायसनची आहे म्हणून पाखरांवर धरायची नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे.

कोल्हापुरी_तांबडा

न्हाई वो काका, बिस्लेरीची बाटलीच बरी. लई आभार 🙏

नवखा_एचवनबी

छान धागा, वाचनखूण साठवली. मी पण टेक्सासला आहे, एच-वन-बी वर. मला पण घेता येईल का रायफल?

रानवेडी_आरती

थांब रे. ग्रीन कार्ड नसलेल्या, म्हणजे नॉनइमिग्रंट व्हिसावाल्यांना इथल्या फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. पण चूक झाली तर गुन्हा आणि व्हिसा दोन्हीचा खेळ, तेव्हा फोरमवर विचारून नाही, वकिलाला विचारून.

धुक्यातला_धनाजी

सगळ्यांचे आभार. म्हणजे ३-९×४० नक्की. आता ब्रँड. व्होर्टेक्स इथलीच, बार्नेव्हेल्डला त्यांचं ऑफिस आहे, माझ्या घरापासून गाडीने फार नाही, त्यामुळे इकडे सगळे तेच लावतात. त्यांचा क्रॉसफायर दोनशेच्या आत मिळतोय सेलमध्ये, आणि ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम तीनशेच्या आसपास. शंभर डॉलरचा फरक खरंच दिसतो का? आणि एक जण म्हणाला जेवढ्याची रायफल तेवढ्याचा स्कोप हा नियमच आहे.

खडूस_काका

तो नियम स्कोप विकणाऱ्यांनी काढलाय.

चष्मेबहाद्दर

फरक दिसतो पण दुकानात दिसत नाही. ट्यूबलाइटखाली सगळे स्कोप चांगले. दुकानदाराला विनंती करून संध्याकाळी दिवेलागणीला दोन्ही बाहेर घेऊन उभे राहा, दोन्ही ६ पटावर ठेवा आणि लांबच्या झाडाच्या बुंध्याकडे, सावलीत बघा. ज्यात सालीच्या भेगा पाच मिनिटं जास्त दिसतात तो घ्या. दोन्हींना आयुष्यभराची हमी आहे, पावती मागत नाहीत, वापरलेला घेतलात तरी चालते, त्यामुळे हमीवर निवडू नका.

तुमच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आय रिलीफ, डोळ्यापासून किती अंतरावर पूर्ण चित्र दिसतं ते. चष्मा आहे, थ्री-ओ-एटचा झटका आहे, साडेतीन इंचाच्या खाली जाऊ नका, चारच्या जवळ असेल तर उत्तम. आणि जाड जाकीट घालून बघा, नोव्हेंबरात शर्टावर नसता तुम्ही, जाकिटाने बंदूक इंचभर पुढे जाते आणि सगळं गणित बदलतं.

रानवेडी_आरती

आय रिलीफवर माझा अनुभव. पहिल्या वर्षी चढाच्या दिशेने वर नेम धरला होता, मान पुढे गेलेली, चाप ओढला आणि स्कोपची कडा भुवईवर. तीन टाके, अर्धचंद्राची खूण अजून आहे. सासूबाई विचारत होत्या हे काय नवीन गोंदवलंस.

धनाजी, पैसे उरव. रिंगा चांगल्या घे, काडतुसांचे चार डबे घे आणि सीझनच्या आधी तीन शनिवार रेंजवर जा.

धुक्यातला_धनाजी

अपडेट. संध्याकाळी पार्किंगात उभं राहून दोन्ही बघितले, लोक बघत होते, असो. ल्युपोल्ड घेतला, माझ्या डोळ्याला खरंच चार-पाच मिनिटं जास्त दिसलं (की तीनशे मोजायची मनाची तयारी झाली होती म्हणून दिसलं, देव जाणे). रिंगा घेतल्या, दुकानातच बसवून घेतला कारण माझ्याकडे टॉर्कचा (ठरावीक जोरानेच आवळणारा) पाना नाही.

आज रेंजवर गेलो. २५ यार्डावर तीन गोळ्या, तिन्ही जवळजवळ एकाच भोकात, पण केंद्रापासून ३ इंच उजवीकडे. स्कोपवर लिहिलंय एक क्लिक म्हणजे पाव इंच, म्हणून १२ क्लिक डावीकडे फिरवले. पुढची गोळी पाऊण इंचच सरकली! परत १२, परत पाऊण. स्कोप फॉल्टी आहे का? आणि खालच्या-वरच्या गोळ्या आता पसरायला लागल्यात, आधी एका भोकात होत्या.

चष्मेबहाद्दर

स्कोप ठणठणीत आहे, गणित चुकलं. पाव इंच हे शंभर यार्डावर. पंचवीसला चौथा भाग, म्हणजे एक क्लिक एक षोडशांश इंच, इंचाला १६ क्लिक. तीन इंचाला ४८. तुम्ही २४ केलेत, दीड इंच सरकला असणार, अजून २४.

आणि २५ वर अगदी केंद्रात आणायचा नाही, अर्धा-पाऊण इंच खाली ठेवा. स्कोप बंदुकीच्या नळीच्या दीड इंच वर बसलेला असतो, गोळी खालून वर चढत जाऊन शंभरला नेमाच्या रेषेत येते. मग शंभरवर कागद लावून बारीक करा. शंभरला बरोबर बसवलात की तुमच्या त्या दीडशे यार्डावरच्या ओढ्याच्या कडेला गोळी इंच-सव्वा इंच खाली लागेल, दोनशेला चारेक इंच. हरणाच्या छातीपुढे हे काहीच नाही, तिथपर्यंत सरळ छातीच्या मध्यावर धरा.

खडूस_काका

पसरायला लागल्या ह्याकडे कोणी बघत नाही. रिंगांचे स्क्रू ढिले असणार. हलवून बघा.

धुक्यातला_धनाजी

काका!! बोटाने हलतोय. पुढच्या रिंगेचे दोन स्क्रू हातानेच फिरले. पैसे घेऊन बसवलाय दुकानवाल्याने.

खडूस_काका

सोडा त्याला, स्वतः करा. सगळं उतरवा, स्क्रू आणि खाचा स्पिरिटने पुसून तेल काढा. रेलवरचे घट्ट, किती ते रिंगांच्या कागदावर असतं. रिंगांच्या वरच्या टोपीचे १५ ते १८ इंच-पाउंड, त्याहून जास्त नाही, स्कोपची नळी चेपते. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका, आळीपाळीने थोडे थोडे.

आवळायच्या आधी फुली सरळ करा. त्यासाठी लेव्हलची खेळणी मिळतात, काही नको. गवंड्याचा ओळंबा माहिती आहे ना, दोरीला दगड बांधून अंगणाच्या टोकाला टांगा, बंदूक सपाट बसवा आणि उभी तार दोरीवर जुळवा. आणि मागची काच फिरवून स्वतःच्या नजरेला जुळवून घ्या, चष्मा घालून, मोकळ्या आकाशाकडे बघत, फुली पहिल्या झटक्यात काळीकुट्ट दिसली पाहिजे. टक लावून बघू नका, डोळा फसवतो.

धुक्यातला_धनाजी

ओळंबा केला, मुलीच्या दोरीउड्यांच्या दोरीला आणि पाट्याच्या वरवंट्याला बांधून. शेजारीण विचारून गेली कसली पूजा आहे.

शंभर यार्डावर शेवटच्या पाच गोळ्या दीड इंचात. टॉर्कचा पाना धरून सगळं मिळून तीनशे ऐंशी. आजोबा म्हणाले मचाणावर चढलास की ३ वर ठेव आणि तिथेच राहू दे.

रानवेडी_आरती

मस्त! थंडीतलं एक लक्षात ठेव, मागच्या काचेवर श्वास सोडू नको, लगेच गोठतो. आणि रात्री बंदूक उबदार घरात आणलीस तर काचेवर दव धरतं, तेव्हा पेटीत बंद असतानाच आण आणि तासभर उघडू नको.

धुक्यातला_धनाजी

पहिला दिवस झाला. सांगायला लाज वाटतेय.

पहाटे सव्वासातला झाडीतून मादी निघाली, चाळीस यार्ड असेल, निवांत. मी बंदूक वर केली, डोळा लावला आणि आत नुसते तपकिरी केस. पाठ की मान की पोट काही कळेना. आदल्या संध्याकाळी मुलीला झाडाच्या शेंड्यावरचं घुबड दाखवायला म्हणून स्कोप, बंदुकीवरनं उतरवून नव्हे (शपथ, काका, परत ओळंबा करायची हौस नाही), बोल्ट (गोळी उडवणारा मागचा दांडा) काढून तसाच खिडकीतून ९ वर फिरवला होता, तो ९ वरच राहिला. कडी फिरवायला हात नेला, हातमोजा घासला, ती वळली आणि गेली.

आजोबा दहा मिनिटं हसत होते. त्यांच्या बंदुकीवर फिक्स ४ पटाचा जुना स्कोप आहे, तीस वर्षांचा, त्याला फिरवायला कडीच नाही. अजून आठ दिवस आहेत.

खडूस_काका

बंदुकीच्या स्कोपमधून घुबड बघत नाहीत. बोल्ट काढलेला असला तरी. त्यासाठी साधी दुर्बीण घ्या, वेगळा धागा काढा.

कोल्हापुरी_तांबडा

दादा, ते फिक्स ४ वालं एअरगन रेटेड मध्ये मिळतंय का बघून सांगा की. आणू नका, नुसतं नाव सांगा.